काळ्या कापडामागचं अंगण

मी हैदराबादला एका स्टुडिओत सिनेमांत धूर घालायचं काम करतो. जीप हीरो उडवतो, धूर मात्र माझा. तो नंतर कॉम्प्युटरवर चढवावा लागतो. तयार मिळणारा धूर मला बघवत नाही. पिंजलेल्या कापसासारखा दिसतो तो, आणि कापूस कसा दिसतो हे आम्हा शहाद्याकडच्या माणसांना कुणी शिकवायला नको.

म्हणून गेल्या हिवाळ्यात खरा धूर कॅमेऱ्यात टिपून आणतो म्हणालो. साहेबांनी तेवढ्यासाठी सुट्टी दिली. लोणखेड्याला घरी जाऊन अंगणात काळं कापड टांगलं आणि त्यापुढे कापसाच्या ओलसर पऱ्हाट्या पेटवल्या. मागे काळं असलं की ते नंतर पुसून टाकता येतं, नुसता धूर उरतो. आप्पा सुपाने वारा घालत होते, खोकत होते आणि वर हसतही होते. आई ओट्यावरून म्हणाली, "तू धूर लेवाले उना, आमले भेटाले नही."

तो धूर एका पाठलागात वापरला. थोडा जीपमागे, थोडा हीरोच्या पुढे, आगीच्या बाजूने जरा तांबूस. साहेब खूश झाले. मी घरी कळवलं, आपला धूर सिनेमात येतोय. आप्पांनी गावभर सांगितलं, आपलं अंगण सिनेमात येतंय.

सिनेमा शहाद्याला लागला तेव्हा दोघं ठेवणीतले कपडे घालून गेले. थेटरातून बाहेर पडताच आप्पांचा फोन आला.

"धूर वयखा मी. पन आपलं आंगन कोठे गयं रे?"

धूर त्यांनी बरोबर ओळखला होता. पण अंगण काढूनच टाकावं लागतं, मी समजावत बसलो. ते नुसतं हां हां करत होते. मग आईने फोन घेतला.

"तुन्हा आप्पा डोया पुशी ऱ्हायनात. म्हनतस, धूर ग्या."

पडद्यावरचा धूर डोळ्यांत! मला हसू आलं. मूळ क्लिप उघडली. कापड एका बाजूला तोकडं पडलं होतं. तिथे ओट्याची कड दिसत होती आणि आप्पांच्या हातातलं सूप खालीवर होत होतं. नेमका तेवढाच भाग मी कापला होता. घरी जावंसं वाटलं, फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली.

"कशाला?" साहेब म्हणाले. "धूर तर भरपूर आहे ना आपल्याकडे?"