न दुखणारे पाय

सोपानकाका कधीकधी एकाच चपलेवर माझ्या स्टेशनरीच्या दुकानात येत. दुसरी मागे रस्त्यात पायातून सुटून पडलेली असे आणि त्यांना पत्ताच नसे. मी विचारलं की ते खाली बघत, हसत आणि ती आणायला परत फिरत. त्या शेवटच्या उन्हाळ्यात असं तीन-चारदा झालं. मी त्यांची खूप थट्टा केली.

काका लातूरच्या आमच्या गल्लीतले शिंपी. टेप गळ्यात असे, पण माणूस पायरी चढेपर्यंत त्यांनी नजरेनंच माप घेतलेलं असायचं. मला म्हणत, "तुझी कंबर दर दिवाळीला दोन बोटं पुढं सरकायलीय. मी कापड सोडत जातो, तू खाणं सोड." स्वतः मात्र रक्तात साखर असूनही दुपारी खिशातून पेढा काढून खात. काकू रागावल्या की म्हणत, "वरच्यानं माझं माप कवाच घेऊन ठेवलंय."

लेक काविळीतून उठावी म्हणून त्यांनी नवस बोलला होता, की पाच वर्षं कोजागिरीला अनवाणी तुळजापूरला चालत जाईन. दरवर्षी मी सोबत असे. काका वाटभर कुरकुर करत. डांबर भाजतंय, खडा रुतला, पोटऱ्या भरून आल्या. पाचव्या वर्षी पहाटे निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून बजावलंय, हे ऐकत नाहीत, तू नजर ठेव, म्हणाल्या. मी मान डोलावली.

औसा मागे पडलं, ऊन चढलं, तरी काका तक्रारीचा एक शब्द बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंजी होत्या, मागेपुढे 'उदो उदो'च्या आरोळ्या होत्या आणि आमच्यातली तरणी पोरंही लंगडत होती. काका मात्र झपझप पुढे. खरं सांगतो, आज डोक्याला ताप नाही म्हणून मला बरंच वाटलं. मग एका पुलावर टेकलो तेव्हा त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला दिसला. लागलं नाही का म्हटलं, तर तेच मला विचारू लागले, कुठला काटा?

संध्याकाळी उजनीच्या अलीकडे गावकऱ्यांनी मांडव घातला होता. चालणाऱ्यांचे पाय शेकायला घमेल्यांत मिठाचं गरम पाणी ठेवलेलं. माझ्या शेजारच्या माणसानं बोट बुडवलं आणि झटकन काढलं. पाणी ओतणारी बाई म्हणाली, थांबा, निवू द्या, आत्ताच चुलीवरून उतरवलंय. मी वळून बघितलं, तर काकांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते आणि ते निवांत तंबाखू मळत होते.

पाय काढा म्हणून मी ओरडलो.

"कशाला? कोमटच हाय. यंदा आईनं माझे पाय उचलून घेतले बघ. चार वर्षं रडलो, यंदा कायबी दुखंना."

मी ओढून पाय बाहेर काढले. कातडी पांढरी पडून सुटत होती. मी फोन काढला. काकूंना कळवतो, गाडी बघतो म्हणालो. काकांनी माझं मनगट धरलं.

"एवढंच वरीस राहिलंय. फोन लावलास तर माझा नवस तू मोडलास, असं धरीन मी."

मी फोन खिशात ठेवला. पायांना फडकी गुंडाळून काका दुसऱ्या दिवशी देवीपुढे उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना चालून फोड आलेत, एवढंच सांगितलं.

पंधरवड्यात एक पाय काळा पडला. गुडघ्याखाली कापला, तरी विष चढतच गेलं. दवाखान्यात काकूंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर म्हणतेत भाजलंय. तू कुठं होतास रे? तुला नजर ठिव म्हनलं होतं."

मी तोंड उघडायच्या आत काका खाटेवरून बोलले, "त्यो लई मागं राहिला हुता. त्याला काय ठावं?"

चौथ्या दिवशी ते गेले. काकू अजूनही मला चहाला बोलावतात. "तू संगं असतास तर त्यांना असं होऊ दिलं नसतंस," म्हणतात, आणि मी खाली मान घालून चहा पितो.