नव्या पाट्यांवरचं ओझं

कळंबला एका रिसॉर्टच्या दारात जुनी मोटार शोभेला उभी होती. नातू म्हणाला, "आजी, बस ना आत, फोटो काढतो." तेवढ्यात ग्रीसचा वास आला आणि मी पाऊल मागे घेतलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत खालापूरला माझे बाबा एका मालकांची मोटार सांभाळायचे. तिच्या चाकांवरचे, गाडीचा भार आणि हिसके झेलणारे झिजलेले कमानीचे पाटे आणि त्यांच्या पिना त्यांनी बदलल्या. नवे पाटे ताठ असतात, ओझं घालून गाडी फिरवली की बसतात. म्हणून बाबा भाताच्या गोण्या चढवू लागले, तर मालक म्हणाले, "गोण्यांनी गादी फाटेल. तुझी माणसं बसव."

आई धुवट लुगडं नेसून आली आणि मला घेऊन मागच्या गादीवर बसली. नदीपर्यंत जाऊन येईस्तोवर ती हसत होती. "बापानं काम कसं केलंय बघ, जरा बी हिसका नाय गं लागत."

ही फेरी ती जन्मभर आल्यागेल्याला सांगायची. उतरल्यानंतरचं मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

मालकांनी वाकून पाटे पाहिले. म्हणाले, "बसले. आता गादी धुऊन काढ."

"व्हय मालक," म्हणत बाबांनी बादली आणली, आणि आई बसली होती तिथूनच सुरुवात केली.