साडीचोळीवरची सही

माझ्या वडिलांसारखा चिकित्सक माणूस अख्ख्या बिलोलीत नव्हता. चप्पल घ्यायला निघाले, तर दुकानदार त्यांना लांबूनच बघून कपाळाला हात लावायचा. असा माणूस घर घेताना फसला, आणि माझ्यामुळं फसला. हे मी आता कुणापासून लपवत नाही.

रिटायर झाल्यावर अण्णांना लातूरला यायचं होतं. आईचे गुडघे गेले होते, तिला लेक हाकेच्या अंतरावर पाहिजे होती. नेमकं तेव्हाच माझ्या चुलत दिरानं आमच्या मागच्या गल्लीतलं त्याचं घर विकायला काढलं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि बोअरला मे महिन्यातही पाणी. लातुरात पाण्याचं एवढं कळलं की माणूस पुढचं विचारायचंच विसरतो.

अण्णा विसरले नाहीत. "जागा त्याच्या बापाची व्हती. बाप गेल्यावर बहिणीचं नाव लागलं असंल. तिची सही झाली का? सातबारा बघू दे आधी."

मी भडकलेच. "अण्णा, सोयऱ्याकडं कागद मागता व्हय? सासरी मला तोंड दाखवायचंय! आणि बहिणी देतातच की सह्या. मी नाही दिली?"

दिली होती ना. भावाच्या नावावर शेत करताना मी रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडीच्या कागदावर सही केली, वाचलासुद्धा नाही. भावानं साडीचोळी केली, आईनं ओटी भरली, पुरणपोळी खाऊन मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले. आमच्याकडं बहिणीची सही अशी धरूनच चालतात. न देणारी बाई असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, "हाव, घेऊ."

पुढचं वर्षभर काय सांगू! सकाळी नऊला आई काठी टेकत यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायची. मला नीट निवडता येत नाही, काड्या राहतात, असं तिचं ठाम मत. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, आणि मला माहेर आता कुठं मिळालं होतं.

मग एक दिवस दिराची बहीण दोन लेकरं घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिली. नवरा वारला होता, सासरच्यांनी बाहेर काढलं होतं. अण्णांना म्हणाली, "काका, हे माझ्या बापाचं घर हाय. मी सही केलेली न्हाई."

दीर धावत आला. "साडी तर घेतलीस की गं!"

तिनं पिशवीतून साडी काढून ओट्यावर ठेवली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी तिला नाही नाही ते बोलले. म्हाताऱ्यांना बेघर करताना लाज कशी वाटत नाही, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, मला तरी कुठं घर हाय?" ती खोटं काहीच बोलत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

वकील म्हणाले, लढा, वर्षं लागतील. अण्णांनी मान हलवली. "लेकीच्या नणंदेसमोर कोर्टात उभा राहू का मी?" त्यांनी व्यवहार मोडला. दिरानं पैसे निम्मेच परत केले, बाकीच्या पैशांची टोलवाटोलवी अजून चालू आहे. आईअण्णांनी परत बिलोलीला, भावाकडं जायचं ठरवलं.

टेम्पो भरायला माझ्या सासरचं काळं कुत्रंही आलं नाही. ज्यांना तोंड दाखवायचं होतं, त्यांनीच तोंड लपवलं. सामानावर दोरी बांधणाऱ्या अण्णांना मी विचारलं, "तुम्ही माझं ऐकलंच कशाला हो?"

"कुठं ऐकलं? तू चिडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच तलाठ्याकडं जाऊन आलतो. नाव व्हतं तिचं."

"मग?"

त्यांनी गाठ ओढून बघितली. "तुला तोंड दाखवायचं व्हतं ना, माय."

मला रडू आवरेना. आता ओळखीतलं कुणी घर घ्यायला निघालं की मी न विचारता तोंड घालते, की बाबांनो, सोयऱ्याचा कागद सगळ्यात आधी बघा, बहिणींच्या सह्या मोजा, रुसला तर रुसू द्या. लोक म्हणतात, बाई फार खवचट आहे. असू दे.

टेम्पो निघताना आईनं केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढला. "मेथी निवडून फ्रीजमधी ठिवलीय गं," म्हणाली, "दोन दिवस पुरंल."

ती मेथी मी केली नाही. पार पिवळी पडेपर्यंत तशीच ठेवली.