पाय कामात आहेत

माईंना कोणी वाकून नमस्कार केलेला खपत नसे. "पायाशी येऊ नका, पाय कामात आहेत," असं त्या दारातच बजावत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू अधू झाली होती. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका बाजूने पावलं टाकायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हे रोज चाले. त्यांना पुन्हा चालत ऑफिसला जायचं होतं. निवृत्ती लांब होती, आणि नोकरी गेली की क्वार्टरही जाणार होतं.

मी समोरचा शेजारी. संध्याकाळी जवळ उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. "हात मागे बांध. तोल गेला तरच धर. आधीच धरलंस तर मी तुझ्या पायांवर उभी राहीन, माझ्या नाही," माई बजावत.

भेटायला येणारे कळवळत, "माई, आराम करा ना!"

"आराम झटक्याने भरपूर दिलाय," माई म्हणत.

दसऱ्याला त्यांचा मुलगा श्रीकांत नोएडाहून सोनं द्यायला आला. माई ओट्याशी एका पायावर उभ्या होत्या. मी 'थांब' म्हणेपर्यंत तो पायाशी वाकला. आशीर्वाद द्यायला त्यांचा हात आपसूक ओट्यावरून सुटला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये नेमका श्रीकांतच होता. माई पडल्या, मनगट मोडलं.

"बस झालं, काका. व्यायाम बिल्कुल बंद!" श्रीकांत म्हणाला.

माझी नोकरी आकडे तपासण्याची. चूक एका रकान्यातली आणि वजावट दुसऱ्यात, असं दिसलं की डोकं फिरतं. त्या पडल्या नमस्काराने, आणि बंद काय झालं, तर व्यायाम! हे मी त्याला तोंडावर सांगितलं. "आई माझी आहे, काका," एवढंच त्याचं उत्तर. माईंचा राजीनामा गेला, क्वार्टर गेलं, माई नोएडाला गेल्या. तिथे दिवसरात्र सांभाळायला बाई आणि चाकांची खुर्ची.

दिवाळीनंतर काही महिन्यांनी भेटायला गेलो. "आता पडायची भीतीच नाही," श्रीकांत कौतुकाने सांगत होता.

"उभीच राहत नाही, तर पडेन कुठून?" माई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तूही कर नमस्कार. पाय आता रिकामेच आहेत."

मला संताप आवरेना. मी खुर्चीचे ब्रेक लावले, समोर गेलो आणि हात मागे बांधून उभा राहिलो.  माईंनी पाय जमिनीवर घेतले, त्या पुढे झुकल्या. गुडघे थरथरले. एकदा, पुन्हा एकदा. अंग मात्र उचललं गेलं नाही.

"बघा काका," श्रीकांत म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"