हळद लागलेल्या धावपटूची सोबत

लोंढ्याला गाडीतून उतरलो तेव्हाच माझं डोकं उठलं होतं. रामनगरची बस नुकतीच गेली होती आणि आमचे हे फलाटावर उभे राहून जंगलाची हवा किती छान आहे ते मला सांगत होते. मी म्हटलं, हवा पुण्यालाही असते, चहा मिळतो का बघा. तो मिळाला, पण गार.

रामनगरला वन्संचं घर. खानापूरच्या पाहुण्यांना एकदाच हेलपाटा पडावा म्हणून वन्संनी नातीचं बारसं, नव्या घराची वास्तुशांत आणि धाकट्या मुलाचं, परशाचं लग्न, असं सगळं एकाच आठवड्यात कोंबलं होतं. सुगी आटोपलेली, भात घरात आलेलं, त्यामुळे वाढणारे हात थांबतच नव्हते. बारशाचं जेवण जिरायच्या आत वास्तुशांतीची पंगत बसली.

परशा लाकूडतोडीच्या कामावर जायचा आणि उरलेला वेळ पळायचा. सुप्याच्या धरणापासून जोयड्यापर्यंत डोंगरातली शर्यत रविवारी होती, लग्नाच्या आदल्या दिवशी. पहिल्या दोघांना जिल्ह्याच्या संघात घेणार होते. परशाने त्यासाठी वर्षभर पहाटे घाट चढला होता. घरच्यांना शर्यतीचं कौतुक फार. त्या कौतुकापोटीच तर ते त्याला चारत होते. रोज एका घरी केळवण आणि प्रत्येक घरी मांडे (पुरण भरलेली, चादरीएवढी पातळ पोळी). परशाला दिवसातून एकदा आंबील (नाचणीची पातळ पेज) हवी असायची, तीच तेवढी कोणी देत नव्हतं.

तिसऱ्या केळवणाला जाताना तो हळूच माझ्याजवळ आला. “मामी, तुमी न्हाई म्हणा की. तुमास्नी कोण काय बोलायचं न्हाई.”

फटकळ बाई म्हणून माझी कीर्ती खानापूरपर्यंत होती, तिचा पहिल्यांदाच उपयोग होत होता. मी नाही म्हटलं. यजमानीणबाई हसल्या आणि परशाबरोबर माझ्याही ताटात आणखी एक मांडा पडला.

शनिवारी संध्याकाळी हळद लागली. रविवारी हळदीला मुहूर्त नाही, असं भटजींनी सांगितलं होतं. हळद उतरत नाही तोच परशाची मावळण (आत्या) म्हणाली, की आता नवरदेवाने एकट्याने शीव ओलांडायची नाही, बाहेरचं वारं लागतं, सोबत हवी. वन्संनी लगेच मान डोलावली. मी म्हटलं, अहो, चाळीस माणसं पळणार आहेत त्याच्याबरोबर, एकटा कसा?

“ती काय आपली माणसं हाईत व्हय, वैनी?” वन्सं म्हणाल्या.

यावर त्या भरल्या घरात कोणीही हसलं नाही. परशाही नाही, आणि मला चीड आली ती त्याची. मग थोरल्या काकांनी तोडगा काढला. टेम्पोने वाटेवर टप्प्याटप्प्याला एकेक नातेवाईक उतरवायचा आणि त्याने पुढच्या माणसापर्यंत परशाबरोबर पळायचं. इतका मूर्ख बेत मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या ह्यांना तो एवढा आवडला, की त्यांनी माझंही नाव देऊन टाकलं, शेवटच्या टप्प्याला. शर्यत भरवणाऱ्यांचीही हरकत नव्हती, कारण ते सगळे सोमवारी जेवायला येणार होते.

रविवारी सकाळी मला जोयड्याच्या अलीकडच्या वळणावर उतरवलं. काळी नदीचं पाणी कधीच मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना बांबू, त्यावर धुकं. जागा सुंदर होती हे मी रागातही कबूल करते. खालचा रस्ता लांबपर्यंत दिसत होता.

परशा दिसला तेव्हा पहिला होता. चुलत-मावसभावांनी आपापले टप्पे बरे काढले असावेत. मग रस्त्याच्या कडेने थोरले काका निघाले, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात वहाणा. परशा त्यांच्या पावलाने पळू लागला. पळू कसला, चालूच लागला. एक धावपटू त्याला मागे टाकून गेला. मग दुसरा. मग तिसरा. मी वरून ओरडत होते, पण परशा वडीलधाऱ्या माणसाला सोडून पुढे येईना.

वळणावर पोचून काका धापा टाकत खालीच बसले. परशा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शर्यतीत, उभा!

“चला, मामी.”

“मी येणार नाही. पळ.”

“एकट्यानं?”

“माझी नजर आहे तुझ्यावर. ती सोबत समज, नाहीतर काय समजायचं ते समज, पण पळ.”

तो काकांकडे बघायला लागला, तशी मी त्याच्या हळदीच्या पाठीवर एक धपाटा घातला. आणि तो पळाला. आठवडाभर ज्याच्या पळण्याबद्दल ऐकत होते, ते पळणं मी तेव्हा पाहिलं. चढावर एकाला त्याने गाठलं आणि मागे टाकलं. दुसरा दोन हातांवर राहिला.

परशा तिसरा आला. संघात दोघांनाच घेतलं.

वाजंत्री मात्र वाजलीच. हळदीच्या अंगानं तिसरा आला म्हणून वन्संनी त्याला ओवाळलं, आणि सोबतीचं पुण्य म्हणून काकांना हार घातला. परशाने वाकून काकांच्या पायांना हात लावला. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता. तो आजही उतरलेला नाही.

लग्न यथासांग पार पडलं. मंगळवारी आम्ही फाट्यावर बसमध्ये बसलो. परशा पिशवी वर देताना म्हणाला, “पुढच्या साली हळद नसंल, मामी. एकटाच जातो.” मी शाबास म्हणणार, तेवढ्यात वन्संनी लाडवांचा डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. “पुढच्या साली या वक्ताला बारसं आसंल बघा. यायाच पायजे.”

परशाने खाली बघितलं. बस सुटली तसा तो एकदम म्हणाला, “मामीस्नी शिवंपातर पोचवून येतो.” पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचंच असतं, त्यामुळे त्याला कोणी अडवलं नाही. तो खिडकीच्या बाजूने पळू लागला. ड्रायव्हरने वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मागे वळून बघितलं तर आपली माणसं फाट्यावरच राहिली होती, एवढीएवढीशी.

शिवेचा दगड मागे गेला. परशा थांबला नाही.