मीटरसमोर पाच वॉट

वाचायचा दिवा निवडताना लोक काय बघतात, मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वाचण्यासाठी वेगळा दिवा कुणी घेतलाच नव्हता. मी मात्र एकच ठरवून दुकानात गेले होते. काकूंना तोंडावर पाडायचं.

काकू म्हणजे अमरावतीतल्या आमच्या घरमालकीण. मागच्या अंगणात मुलींसाठी चार खोल्या, त्यांचं मिळून एक वेगळं मीटर. वीज भाड्यातच धरलेली, म्हणून प्रत्येक खोलीत त्यांनी झिरोचा बल्ब लावला होता. त्यात पुस्तकाचं पान दिसायचं, अक्षर नाही. मी गावाहून मोठा बल्ब आणून लावला, तर काकू मीटरसमोर उभ्या राहिल्या. त्यावरचा लाल ठिपका किती भराभर लुकलुकतो, त्यावरून किती वीज जळते ते त्या ओळखत. "पाह्य कसं पळून राह्यलं मीटर!" म्हणाल्या आणि बल्ब काढून घेऊन गेल्या.

एवढं मी सहन केलं असतं. पण त्याच आठवड्यात मोर्शीकडच्या आमच्या गावाहून बाबा आले. विहीर आटली होती, अर्धी बाग तोडावी लागली होती. उरलेल्या झाडांची संत्री त्यांनी काकूंसाठी पिशवीभर आणली. "पोरीची परीक्षा हाय, लाइटचं जरासं पाहा," एवढंच म्हणाले. काकूंनी पिशवी घेतली आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "तुमच्या झाडाले पाणी पुरलं नाही, अन् पोरीले लाइट आमची पायजे?"

बाबा हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

इतवारा बाजारातल्या दिव्यांच्या दुकानात म्हातारे चाचा बसले होते. मी विचारलं, "चाचा, सगळ्यात जास्त उजेड अन् सगळ्यात कमी वीज, असा कोणता हाय?"

"अन् फुकट पायजे का?" म्हणत त्यांनी चार दिवे काढले, एकेक बोर्डावर लावून दाखवला. बारा वॉटच्यानं अख्खं दुकान उजळलं. मी हात पुढे केला.

"भिंत वाचाची हाय का तुले? हा घे, पाच वॉटचा एलईडी. मान वाकते, उजेड सारा वहीवर." मग त्यांनी प्रत्येक दिव्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरला. एका स्वस्त दिव्याच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले. "हा आँखें खाते, बेटा." पाच वॉटच्यात पट्टे नव्हते. तोच घेतला.

त्या संध्याकाळी दिवा लावताच काकू आल्या. "पुन्हा बत्ती?"

मी दिव्यासमोर उभी राहिले. "काकू, बाकी सारं बंद करतो आमी. मीटर तुमीच पाहा."

मुलींनी चारही खोल्यांतलं सगळं बंद केलं. फक्त माझा दिवा चालू. आम्ही सगळ्या मीटरसमोर उभ्या. ठिपका लुकलुकेचना. काकूंनी मीटरवर टिचकी मारली. "बंद पडलं का हे?" बऱ्याच वेळानं तो एकदा लुकलुकला. मग मी दिवा बंद केला आणि त्यांचा नावालाच झिरो असलेला पंधरा वॉटचा बल्ब लावला. या वेळी ठिपक्यानं फार वाट पाहायला लावली नाही.

"काकू, तुमचाच बल्ब खादाड हाय ना!" शेजारच्या खोलीतली म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हेच हसू ऐकायचं होतं. बाबांबद्दलचं एक वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, ते मात्र ओठांवर आलंच नाही.

काकूंचा चेहरा उतरला. "परीक्षा झाली का खोली खाली कर," म्हणाल्या.

"करतो," मी म्हटलं. वाईट वाटलं नाही.

परीक्षेपर्यंत मी जेवायला मेसमध्ये जाताना दिवा बंद करत नसे. त्याची मान उचलून तोंड काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवून जायची. वीज वाया जात होती, मला कळत होतं. आल्यावर तो पुन्हा वहीवर वाकवायची. आठव्या की नवव्या दिवशी काकूंनी खिडकीला जाड पडदा लावला. त्या दिवशी मी दोन प्रकरणं वाचून काढली.