काढा नव्हे, चहा

धक्क्यावरचा खरा भोंगा बिघडला तेव्हा त्याच्या जागी हा हाका मारायला उभा राहिला, आणि मग तो दुरुस्त करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. लोक यालाच भोंगा म्हणू लागले. "पलीऽऽकडच्या तीराला जाणारीऽऽ" एवढं कानावर पडलं की हॉटेलातलं गिऱ्हाईक कप तसाच टाकून लाँचकडे धावत सुटायचं. घरातही त्याला हळू बोलणं जमत नसे. "मीठ दे" म्हणाला तर शेजारीण मीठ घेऊन यायची.

मग गळ्याला लिंबाएवढी गाठ आली आणि आवाज घोगरा झाला.

त्याच्याच घरी राहणाऱ्या थोरल्या ताईचं सगळं वैद्यक एका पातेल्यात मावायचं. ओहोटीला खडकांवरचं तपकिरी शेवाळ ओरबाडून आणायचं, गच्चीत वाळवायचं आणि रोज सकाळी उकळून पेलाभर त्याच्यापुढे करायचं. "आईची गाठ यानंच जिरली. पी गुमान. तोंड वाकडं करू नकोस, आधीच काही कमी नाही."

चवीला ते गंजक्या खिळ्याचं पाणी, पण ताई त्याला चहा म्हणायची. काढा म्हटलं की उसळायची. "काढा आजारी माणसाला देतात. तू आजारी आहेस का?" त्यामुळे तो शब्द घरातून हद्दपार झाला होता.

डॉक्टर मान खाली घालून बोलणाऱ्यांपैकी. "हं. गोळ्या लिहून देतो. दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, जडीबुटी?"

"छे हो! चहा काय तो तेवढा."

"चहा चालेल. हं. पुढचे!"

"डॉक्टर म्हणाले, चहा चालेल," त्यानं घरी येऊन सांगितलं. ताई अशी फुलली की दुसऱ्या दिवसापासून एकाचे दोन पेले झाले.

आठ महिन्यांत लिंबाची मोसंबी झाली. 'पलीकडच्या'तला 'प' तेवढा फुटायचा, पुढचं सगळं वाऱ्यावर. धक्क्याचे साहेब म्हणाले, "काय आहे ना, लोक राहून जातात हो. काय आहे ना, परवा नवरदेव पलीकडे पोचला आणि वऱ्हाड इथेच!"

शेवटी ताईच दवाखान्यात सोबत गेली. "तुम्ही चहा चालेल म्हणालात ना डॉक्टर, म्हणून मी शेवाळ जरा जास्तच घालते."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कसलं शेवाळ?"

त्यातल्या आयोडीननं गाठ उलट पोसली होती आणि गाठीनं आवाजाची नस दाबली होती. ऑपरेशननं गाठ निघेल, म्हणाले.

"आणि आवाज?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांनी मान पुन्हा खाली घातली.

वाटभर ताई पुटपुटत होती, "पण चहाच की रे तो." त्याला म्हणायचं होतं, ताई, जाऊ दे. नुसतीच हवा निघाली. "काय म्हणालास?" तिनं दोनदा विचारलं. मग विचारणं सोडून दिलं.

गाठ निघाली, आवाज काही परत आला नाही. साहेबांनी त्याला सामानाच्या खोलीत बसवलं. बोचकं घ्यायचं, बिल्ला द्यायचा. तोंड उघडायची गरजच नाही.

एकदा एक म्हातारी बोचकं ठेवता ठेवता म्हणाली, "इथे ते ओरडायचे ना, भोंगा? दिसत नाहीत. गेले का हो?"

त्यानं तोंड उघडलं, छाती भरून घेतली, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"असू दे, असू दे," म्हातारी हळहळली. "चांगले होते बिचारे."

आणि बिल्ला घेऊन ती लाँचकडे वळली.